तो फॉरवर्ड पुन्हा आला

आज सकाळी चहा व्हायच्या आत घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. तोच. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते म्हणे आपल्या महाराजांचं चरित्र वाचून, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या समाधीवर 'शिवरायांचा मावळा' असं कोरून घेतलं, आणि कोणी मंत्रीणबाई आल्या त्या रायगडाची माती घेऊन गेल्या. राष्ट्राध्यक्ष कोण? नाव नाही. साल नाही. समाधी कुठे, पत्ता नाही. या वेळी पाठवणारा आमचा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. माझं डोकंच फिरलं. ग्रुपवर जे लिहायचं ते लिहून झालं, त्यावर बहिणीचा फोनही येऊन गेला. उरलेलं इथे लिहितो.

महाराजांना हनोईहून शिफारसपत्र लागत नाही, हे माझ्या यादीतल्या लोकांना सांगावं लागू नये. मला राग येतो तो दुसऱ्याच माणसासाठी. व्हो न्गुयेन जियाप, व्हिएतनामचा सेनापती. अमेरिकेच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांना ज्याने दिएन बिएन फूला गाडलं, त्याचं त्या अख्ख्या मेसेजमध्ये नावसुद्धा नाही! हनोईत इतिहास शिकवणारा मास्तर होता तो. लष्करी शाळेची पायरी चढलेला नाही. डिसेंबर १९४४ मध्ये काओ बांगच्या जंगलात ३४ जणांची तुकडी उभी केली, त्यात तीन बायका, आणि तिथून सुरुवात. बायको फ्रेंचांच्या कैदेत गेली ती परत आलीच नाही, मेहुणीला गोळ्या घातल्या. अशा माणसाला लढायचं कशासाठी हे आपल्याकडून कळलं असेल? अहो, कुब्लाईखानाचं आरमार बाक डांग नदीत खुंट ठोकून कसं अडकवलं, ती १२८८ सालची गोष्ट तिथली पोरं आजीच्या मांडीवर ऐकतात. त्यांचं त्यांच्यापाशी भरपूर आहे.

आणि दुसरं म्हणजे, आपल्याकडे गनिमी कावा म्हटलं की झाडीत लपा, हाणा आणि पळा, एवढंच. रसद कोणी वाहिली, हे कोणी विचारत नाही.

मला जियाप कळला तो आण्णांच्या सायकलीमुळे. आण्णा म्हणजे माझे आजोबा. उन्हाळी कांदा आठवडी बाजाराला न्यायचा तर बैलगाडी शेजाऱ्यांची, आमची सायकल. नळीच्या मधल्या त्रिकोणात एक गोणी आडवी, कॅरियरवर दुसरी, सायकलवर बसायचा प्रश्नच नाही. एक हात हँडलला, दुसरा मागच्या गोणीला, आणि ढकलत चार मैल. चढाला मी मागून रेटायचो, वय वर्षं नऊ. सायकल एकदा कलली की कलली, मग सगळा कांदा रस्त्यावर.

पुढे कॉलेजात असताना एका जुन्या मासिकात फोटो पाहिला. व्हिएतनामचे हमाल, आणि तशाच सायकली. हँडलला बांबू बांधलेला, वळवायला. सीटच्या नळीत दुसरी काठी खोचलेली, तोल धरायला आणि रेटायला. टायर फाटू नये म्हणून आत कापडाच्या चिंध्या. एकेका सायकलीवर दोनशे-तीनशे किलो तांदूळ! मी त्या फोटोकडे किती वेळ बघत बसलो असेन. आमच्या दोन गोण्यांना आम्ही घामाघूम व्हायचो.

आता १९५३ सालचा नोव्हेंबर बघा. हनोईपासून तीनशे किलोमीटरवर, लाओसच्या सीमेजवळच्या दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंचांनी छत्रीधारी सैनिक उतरवले. जनरल नावारचा हिशोब सरळ होता. आम्हाला विमानाने सगळं मिळेल, यांना त्या डोंगरातून तोफा आणता येणार नाहीत, आणल्याच तर आमचा तोफखाना त्या फोडेल. ठाण्यांना बायकांची नावं दिली होती, बेआत्रिस, गाब्रिएल, एलियान. तोफखान्याचा प्रमुख कर्नल पिरोथ, एका हाताचा माणूस, छातीठोकपणे सांगत होता की काही काळजी करू नका.

जियापने तोफा आणल्या. सुट्या करून, दोर लावून, माणसांनी ओढून, रात्री. दिवसा झाडोऱ्याखाली झाकून. अडीच लाखांच्या वर हमाल, वीसेक हजार सायकली. हल्ला ठरला जानेवारीच्या शेवटी. झटपट मारायचं, दोन-तीन दिवसांत निकाल. चिनी सल्लागारांचंही तेच मत. सैनिक पेटलेले. आणि २६ जानेवारी १९५४ला, हल्ल्याच्या तोंडावर, या माणसाने सांगितलं की हल्ला रद्द. तोफा परत काढा.

परत काढा म्हणजे काय, ते मला विचारा.

एका शनिवारी वळवाचा पाऊस रात्रीच कोसळून गेला होता. ओढ्यापाशी पोचलो तर पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ. पुढचे दोघे-तिघे घुसले. आण्णांनी पाण्याकडे पाहिलं, एक काठी बुडवून पाहिली, आणि सायकल वळवली. शब्द बोलले नाहीत. मला जिलबी कबूल केलेली होती. मी रडलो, तणतणलो, दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. भरल्या गोण्या घेऊन चिखलातून परत येणं जाण्यापेक्षा दुप्पट जड असतं, कारण जाताना पुढे बाजार असतो.

तिकडे तर तोफा होत्या, हाताने आणलेल्या. परत नेताना उतारावर एक सुटली, तेव्हा 'तो विन्ह दिएन' अशा नावाचा एक सैनिक चाकाखाली गेला आणि त्याने ती थोपवली. ज्या हल्ल्याला तोंडच फुटलं नाही, त्याच्या माघारीत गेलेला माणूस. जियाप नंतर म्हणायचा की सेनापती म्हणून घेतलेला सगळ्यात अवघड निर्णय तोच. त्यांचा नेता हो ची मिन्ह, त्याने निघताना जियापला बजावलं होतं, जिंकण्याची खात्री असेल तरच लढ, नसेल तर लढू नकोस. बजावणं सोपं हो. काल ज्यांनी दोर ओढून हात सोलून घेतले, त्यांच्यासमोर उभं राहून 'परत' म्हणायचं, ते करून दाखवा.

मग सात आठवडे नुसती तयारी. खंदक खणत खणत ठाण्यांच्या गळ्याशी, तोफा डोंगराच्या पोटात कोरलेल्या खोबणींत. १३ मार्चला सुरुवात केली, बेआत्रिस पहिल्याच रात्री पडलं. १५ तारखेला पिरोथने हातबॉम्बने स्वतःला संपवलं. ७ मे रोजी, छप्पन्नाव्या दिवशी, सगळं आटोपलं, दहा हजारांच्या आसपास कैदी. दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात हिंदचीनवर वाटाघाटी सुरू. आहे का हा टाइमपास फॉरवर्डचा विषय?

बरं, आता लगेच कोणीतरी येईल की तोफा चीनच्या होत्या. होत्या. ट्रक, दारूगोळा, सल्लागार, सगळं आलं होतं तिकडून. डोंगरावर मात्र चीनने ओढल्या नाहीत.

आणि १९५१ला फ्रेंचांशीच लढताना, विन्ह येन या गावी, याच जियापने घाई केली होती, उघड्या मैदानात लाटांवर लाटा पाठवल्या, वरून नापाम पडला आणि हजारो पोरं जळाली. हेही खरं. तिथेच तो शिकला असेल. पण शिकण्याची फी त्याने नाही भरली, त्या पोरांनी भरली. इथे माझा आवाज जरा खाली येतो. पुढच्या अमेरिकेबरोबरच्या युद्धाचे आकडे व्हिएतनाम सरकारने १९९५ साली स्वतःच दिले, ११ लाख लढणारे मेले, सामान्य माणसं वेगळीच. जियापला डोक्यावर घेताना हा आकडा मला कुठे ठेवावा कळत नाही. त्याची फौज मोठ्या शत्रूपुढे टिकली, कारण तिथल्या आया मुलं देत राहिल्या. याला 'डावपेच' म्हणताना जीभ अडखळते.

तरीही तो माणूस सायकल वळवणारा होता, म्हणून मला आवडतो. पुरंदरला १६६५ मध्ये २३ किल्ले देऊन आलेल्या राजाचे आपण लोक, आपल्याला खरं तर हे कळायला हवं. आपण मात्र शाळेत तह पटकन उरकतो आणि अफजलखानावर तास घेतो.

गंमत म्हणजे हाच जियाप १९७५च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेबरोबरच्या युद्धाच्या शेवटी, दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीच्या, सायगावच्या वाटेवरच्या फौजांना तार पाठवतो, आणखी वेगाने, आणखी धाडसाने, एक एक तास धरून पळा. पाणी उतरलेलं होतं ना. त्यानंतर त्याच्याच पक्षाने त्याला हळूहळू बाजूला सारलं आणि कुटुंबनियोजनाच्या समितीवर बसवलं. दिएन बिएन फूचा विजेता, कुटुंबनियोजन! तिथेही तो गप्प बसून काम करत राहिला आणि २०१३ला, १०२ वर्षांचा होऊन गेला.

एक गोष्ट अजून सांगितलेली नाही, कारण ती माझ्या बाजूची नाही. त्या शनिवारी जे ओढ्यात घुसले, ते सगळे सुखरूप पलीकडे गेले. बाजारात आवक कमी, भाव दणदणीत मिळाला. आमचा कांदा भिजलेला, पुढच्या आठवड्यापर्यंत निम्मा सडला. गावात आण्णांना चिडवायचे, 'पाणी मोजणारे'. आजीनेही ऐकवलं. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं की चूक, मला आजही सांगता येत नाही. वळवाचा ओढा, वरून लोंढा आला असता तर? आला नाही.

एवढं लिहीपर्यंत दुपार झाली. सकाळी पोराला सगळ्यांदेखत फार बोललो, तेवढं बोलायला नको होतं. आत्ता त्याचा वेगळा मेसेज आलाय. 'सॉरी मामा, डिलीट केलं. पण सायकलवर तीनशे किलो खरंच जातं का? फ्रेम नाही वाकणार?'

त्याला लिहिलं, दिवाळीत गावाला ये. बांबू आहे, गोण्या आहेत, सायकल तू आण.