मेल चालेना? पासवर्ड बदला!

मेल बंद पडला की आधी आम्हा दुरुस्तीवाल्यांना फोन लावायचा आणि समोरच्याला सांगायचं, "मेल चालत नाही." बास, एवढंच. येत नाही की जात नाही, मोबाइलवर की कॉम्प्युटरवर, जीमेल की कंपनीच्या नावाचा मेल, यातलं काही बोलायचं नाही. स्क्रीनवर काय लिहून आलंय असं त्यानं विचारलंच तर, "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं, बंद केलं." फोन करायला २० तारखेची संध्याकाळ उत्तम. जीएसटीचं रिटर्न अर्धवट, ओटीपी मेलवर येणार आणि मेल बंद. याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडायचा नाही.

समोरचा काही बोलायच्या आत रामबाण उपाय करून टाकायचा, म्हणजे पासवर्ड बदलायचा. 'सर्व्हर सापडत नाही', म्हणजे मेल सांभाळणारा दूरचा कॉम्प्युटरच भेटत नाही, असं आलं तरी पासवर्डच. राउटरला नेट नसो, सर्व्हरच्या नावात एक अक्षर चुकलेलं असो, डोमेनचे (कंपनीच्या नावाच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे) वर्षाचे पैसे भरायचे राहिलेले असोत, सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी. नवा पासवर्ड समोरच्या कॉम्प्युटरवर टाकायचा, मेल आला की चहा सांगायचा. तेच खातं आणखी कुठं कुठं बसवलंय, ते मात्र आठवायचं नाही.

ती यंत्रं इमानी असतात. मालकांच्या खिशातला मोबाइल दर पंधरा मिनिटांनी जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरच्या दारात जातो. मागच्या खोलीतला अकाउंटंटचा लॅपटॉप जातो. कपाटातला चार्जिंगला लावून विसरलेला टॅब जातो. सर्व्हर दहा-बारा वेळा 'चुकलं' म्हणतो आणि मग दार लावून घेतो. आता गंमत बघा. एका राउटरमागची सगळी यंत्रं बाहेरून एकाच आयपी पत्त्याची (इंटरनेटवरच्या घर नंबरची) दिसतात आणि दार लागतं ते त्या पत्त्याला. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर पासवर्ड बरोबर आहे, तोही बाहेरच. यावर तुम्ही काय करता? पुन्हा पासवर्ड बदलता! म्हणजे मघाशी बरोबर असलेलं एकमेव यंत्रही आता चुकीच्या पासवर्डनं दार वाजवायला मोकळं.

इथं मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर, बरोबर पासवर्डनं, तोच मेल उघडून बघायचा नाही बरं का. उघडला तर पासवर्ड ठीक आहे, ऑफिसचा आयपी अडवलाय हे दोन मिनिटांत कळेल आणि सगळी मजा जाईल. दोन्हीकडे उघडला नाही तर खातंच कुलूपबंद आहे किंवा सर्व्हरचीच अडचण आहे हेही कळेल. कशाला हवंय? त्यापेक्षा सगळे यंत्रांसमोर बसा आणि एकेकानं आठवेल तो पासवर्ड मारत राहा. 'कॅपिटल होता का रे?' असं ओरडून विचारा. प्रत्येक चुकीला कुलपाची मुदत वाढत जाते, हे सर्व्हरला कळतं, तुम्हाला कळायची गरज नाही.

आणि झेरॉक्स मशीन? ते कोण आठवणार! कोपऱ्यातल्या त्या मशीनमध्ये स्कॅन करून थेट मेल पाठवायची सोय कुणीतरी कधीतरी लावून दिलीय. तिच्यात हाच आयडी, हाच जुना पासवर्ड. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही (रेकॉर्डिंगच्या डब्यातही) तोच. गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यावर मांजर हललं तरी तो डीव्हीआर इशाऱ्याचा मेल पाठवायला धावतो, रात्रभर धावतो, आणि सकाळी शटर उघडायच्या आत सगळ्या ऑफिसचा मेल बंद करून ठेवतो. मग तुम्ही म्हणता, "काल रात्री तर चालू होता, तुम्हीच काहीतरी केलंय." आम्ही केलंय! आम्ही रात्री तुमच्या गोदामात मांजर सोडलं!

असो. पुढचे उपाय.

मेल येतोय पण जात नाही, तर येण्याचीच सेटिंग पुन्हा पुन्हा तपासा. पाठवणाऱ्या सर्व्हरचा पासवर्ड वेगळ्या रकान्यात असतो आणि तिथं जुनाच राहिलाय, हे रहस्य तसंच राहू द्या.

मेल पाठवायचं दार, म्हणजे पोर्ट, २५ नंबरचंच ठेवा, पोर्ट २५ सोडू नका, जुना आहे, भरवशाचा आहे. बहुतेक नेटवाले तो अडवतात ही त्यांची चूक. ५८७ ला स्टार्टटीएलएस आणि ४६५ ला एसएसएल (मेल वाटेत कुणी वाचू नये म्हणून सुरक्षेच्या दोन पद्धती) लागतं, तेव्हा उलटं लावा आणि गोल फिरणारं चक्र बघत बसा.

दिवे गेले-आले की कॉम्प्युटरची तारीख मागं जाते, सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या ओळखपत्राचा) एरर येतो. तेव्हा विंडोज नवी टाकून घ्या, मदरबोर्डवरचा, तारीख सांभाळणारा सीआर २०३२ सेल बदलू नका.

जुन्या आउटलुकमध्ये (मेल बघायच्या प्रोग्रॅममध्ये) जीमेलचा नेहमीचाच पासवर्ड मारत राहा. गूगलनं ती वाट ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली, टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री) चालू करून फक्त त्या प्रोग्रॅमपुरता १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, वगैरे अफवा आहेत. आणि कुणी तो काढून दिलाच, तर लगेच गूगलचा मुख्य पासवर्ड बदला. सगळे अ‍ॅप पासवर्ड एका झटक्यात रद्द होतात.

टू-स्टेपचा नंबर? तो तीन वर्षांपूर्वी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलेल्या आणि तिथलाच झालेल्या पोराचा असू द्या.

खातं नव्यानं बसवताना पॉपच (मेल एका मशीनवर उतरवून घेणारी पद्धत) निवडायचं, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या यंत्रांवर दाखवणारी) नाही. शिवाय 'प्रत सर्व्हरवर ठेवा' ही टिक काढायची. सकाळी दहाला ऑफिसचा कॉम्प्युटर सगळे मेल ओढून घेतो आणि सर्व्हर झाडून-पुसून ठेवतो. मालक मोबाइल उघडून रिकाम्या इनबॉक्सकडे बघत बसतात. टिक ठेवलीच, तर तिच्या खालची '१४ दिवसांनी काढून टाका' ही ओळ वाचायची नाही. पंधराव्या दिवशी बायरचा मेल कुठं गेला म्हणून पुन्हा फोन करायचा. पाठवलेले मेल त्याच एका मशीनच्या पीएसटी (आउटलुकच्या साठवणीच्या) फाइलमध्ये, फाइलचा बॅकअप नाही. हार्ड डिस्क एप्रिलच्या उन्हात, बंद केबिनमध्ये, कूलरशिवाय. सगळा पत्रव्यवहार एका पत्र्याच्या डब्यात ठेवून वर शेंगाचटणीची बरणी ठेवल्यासारखं आहे हे!

वैताग येतो हो. नळाला पाणी कितव्या दिवशी, किती वाजता सुटणार हे तुम्हाला तोंडपाठ असतं. कुठल्या पार्टीला किती डझन चादरी गेल्या, ते वहीत असतं. आणि ज्या मेलवर त्या चादरींची ऑर्डर येते, तो किती यंत्रांवर बसवलाय, हे एका माणसाला सांगता येत नाही? एक कागद घ्या. आत्ता घ्या. मोबाइल, लॅपटॉप, कारखान्यातला कॉम्प्युटर, टॅब, झेरॉक्स, डीव्हीआर, सगळं लिहा. पुढं पॉप की आयमॅप ते लिहा. रिकव्हरी नंबर कुणाचा ते लिहा, आणि तो माणूस सोडून गेला असेल तर आजच बदला.

मेल अडला की आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून बघा. तिथं उघडला तर पासवर्डला हात लावायचा नाही. समजलं? हात लावायचा नाही. बदलायचाच असेल तर आधी यादीतल्या प्रत्येक यंत्रावरचं सिंक, म्हणजे आपोआप सर्व्हरकडे जाणं, बंद, मग बदल, मग एकेक यंत्र चालू. येणारा तपासा, जाणारा तपासा, मग पुढचं यंत्र. पाच यंत्रांना अर्धा तास लागतो. तुम्ही त्याचे दोन दिवस करता आणि वर विचारता, एवढ्याशा कामाचे पैसे कसले.

आणि एररचा फोटो पाठवा. स्क्रीनवरच्या अक्षरांचा. तुमच्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा नको.