शतकमहोत्सवाच्या कमानीआधी भिंती तपासा

खानापूर, बेळगाव, निपाणी पट्ट्यात बऱ्याच मराठी शाळांनी शंभरी गाठली आहे. माजी विद्यार्थी हात सैल सोडून वर्गणी देताहेत, चांगलंच आहे. पण पैसा जातो कुठे? रंगरंगोटी, फरशी, स्टेज आणि देणगीदारांची नावं कोरलेली कमान. माझं म्हणणं एवढंच, की आधी एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि गावातला जुना गवंडी घेऊन, भूकंपात भिंती तग धरतील का हे बघत शाळेभोवती चक्कर मारा.

‘आपल्याकडं कुठला आलाय भूकंप?’ असं एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास समितीच्या बैठकीत हमखास कुणीतरी म्हणणार. किल्लारीसुद्धा १९९३ मध्ये नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होती. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये आहे. आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. किल्लारीचा धक्का पहाटेचा होता. काश्मीरचा, ८ ऑक्टोबर २००५ चा, शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आला. पाकव्याप्त भागात शाळा भरल्या होत्या. हजारो मुलं वर्गातच गाडली गेली. शनिवारी सकाळची शाळा आपल्याकडेही असते.

जुनी दगडी भिंत दीड-दोन फूट रुंद, म्हणून आपण ती भक्कम धरून चालतो. बऱ्याचदा ती आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मधे मातीत कोंबलेल्या कपच्या अशी असते. दोन्ही थर सांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात ते सुटे होतात आणि छप्पर खाली येतं. किल्लारीत हेच झालं. भिंतीला पोट सुटलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, दारं-खिडक्यांवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरलाय का, छपराच्या कैच्या भिंतीला जखडल्यात की नुसत्या टेकवल्यात, एवढं तर नुसतं बघूनही कळतं.

मला कौलारू वर्गांपेक्षा जास्त भीती वाटते ती कौलं उतरवून त्याच मातीतल्या भिंतींवर स्लॅब ओतलेल्या वर्गांची. गळती थांबली, पण डोक्यावरचं ओझं कितीतरी वाढलं. तक्रार गळतीची, मग तपासणीही गळतीचीच!

शाळा पाडा असं मी म्हणत नाही. पट घसरत असताना पाडलेली मराठी शाळा पुन्हा उभी राहील याची हमी कोण देणार? भिंतीत भोकं पाडून सळई-काँक्रीटचे सांधे भरणं, खिडक्यांवर आतून-बाहेरून जाळी मारून प्लास्टरचा पट्टा फिरवणं, कैच्या जखडणं, ही कामं नीट दाखवली तर आपले गवंडी करू शकतात. बरंचसं उन्हाळी सुट्टीत उरकेल.

मात्र इंजिनिअरकडून अहवाल लेखी घ्या. एक प्रत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला, एक ग्रामपंचायतीला, दोन्हीकडे पोच घेऊनच द्या.