गुलमर्गला बीकन भाड्याने घेणाऱ्यांसाठी

गुलमर्गच्या स्कीइंगवरचा लेख आवडला, पण 'बीकन भाड्याने मिळतो, तो घ्या' एवढं सांगून लेखकांनी थांबायला नको होतं. बीकन म्हणजे अंगावर बांधायचं, रेडिओ संकेत सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र; तो हिमस्खलन रोखत नाही. गाडला गेलेला माणूस कुठे आहे तेवढंच कळतं, तेही सोबतच्याला आपला बीकन शोध-मोडवर टाकून वापरता येत असेल तर! प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडंही प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवं, कारण घसरलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो, हातांनी उकरता येत नाही. पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलेले बरेच जण वाचतात, पुढे शक्यता झपाट्याने कमी होते. खालून पथक येईपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो, म्हणजे वाचवणार ते सोबतचेच.

गंडोलाने (केबल कारने) गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर उतरलं की गस्तीची हद्द, म्हणजे स्की-गस्त पथक लक्ष ठेवतं तो भाग, ओलांडणं फार सोपं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गच्याच हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला. नुकताच पडलेला भरपूर बर्फ, जोराचा वारा आणि 30 ते 45 अंशांचा उतार असं जुळून आलं असेल, तर त्या दिवशी तिकडे जाऊच नये. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या ग्रुपना कळकळीची विनंती, वर जाण्याआधी हॉटेलजवळच्या सपाट बर्फात एक बीकन पुरून शोधायचा सराव कराच.