बिझनेस क्लासचे तिकीट फुकट पडत नाही

मुंबईतील अनेक कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की मुंबई-लंडन बिझनेस क्लासचे लाखोंचे तिकीट जवळजवळ फुकट, म्हणजे केवळ कर भरून मिळते; त्यासाठी चांगले क्रेडिट कार्ड घ्यावे, घरखर्च त्यावर टाकावा आणि जमलेले पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठी चालणाऱ्या तिच्या स्वतःच्या पॉइंटांत, वळवावेत; जागा हवी तेव्हा मिळते, पॉइंट कधी वाया जात नाहीत, आणि पगारदार माणूस इकॉनॉमीने जातो तो निव्वळ अज्ञानामुळे. हा मार्ग अस्तित्वात आहे आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. परंतु डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने हा संदेश शब्दशः खरा मानला आणि त्याची किंमत मोजली, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

घरखर्चातून पुरेसे पॉइंट जमतात, हे पहिले विधान. एचडीएफसी बँकेचे इन्फिनिया हे देशातील सर्वाधिक उदार कार्डांपैकी एक मानले जाते आणि ते सहजासहजी कोणालाही मिळत नाही. त्यावर सर्वसाधारण खरेदीत १५० रुपयांना ५ पॉइंट मिळतात आणि काही विमान कंपन्यांच्या योजनांत ते एकास एक या दराने वळवता येतात. लंडनला जाऊन येण्यासाठी माणशी एक लाख माइल्स लागतात असे धरू, आणि तसे धरणेही संदेशाच्या बाजूने झुकणारेच आहे. एक लाख पॉइंटांसाठी ३० लाख रुपयांची खरेदी लागते. दरमहा ५०,००० रुपये कार्डावर खर्च करणाऱ्या घराला त्यासाठी ५ वर्षे लागतील, आणि तीही एकाच माणसाच्या तिकिटासाठी. नवराबायकोला एकत्र जायचे असेल तर १० वर्षे. (वार्षिक शुल्क भरल्यावर मिळणारे पॉइंट मी धरलेले नाहीत, कारण ते विकत घेतलेले पॉइंट होत.)

मुळात मुंबईच्या मध्यमवर्गीय घराचे ५०,००० रुपये दरमहा कार्डावर जातात कुठे? गृहकर्जाचा हप्ता खात्यातून वळता होतो. सोसायटीचा मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी चेकने किंवा ऑनलाइन जातो. भाजीवाली, मासळीवाली, रिक्षा, घरकामाच्या मावशी यांचे पैसे रोख किंवा बँकखात्यातून यूपीआयने दिले जातात आणि त्यावर कार्डाचे पॉइंट मिळत नाहीत. इंधन, वॉलेट भरणे आणि घरभाडे अनेक बँकांनी पॉइंटांतून वगळले आहे. विमा आणि विजेच्या बिलावर मर्यादा घातल्या आहेत. बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवरून विमान-हॉटेलची बुकिंग केल्यास पटीने पॉइंट मिळतात हे खरे आहे, पण त्यालाही मासिक कमाल मर्यादा असते आणि ज्याचा प्रवास मुळातच पुष्कळ आहे त्यालाच तो लाभ पोचतो.

दुसरे विधान ‘जवळजवळ फुकट’ हे, आणि सगळ्यात मोठी दिशाभूल माझ्या मते येथेच आहे. त्याच कार्डाचा एक पॉइंट बँकेच्या पोर्टलवर विमानाच्या तिकिटासाठी एक रुपया म्हणून चालतो, फक्त बिलाचा काही भाग रोख भरावा लागतो. याचा अर्थ एक लाख पॉइंट देणारा माणूस प्रत्यक्षात एक लाख रुपयांची क्रयशक्ती देत असतो. ज्या कुटुंबाने लाखोंचे तिकीट पैसे देऊन कधीच काढले नसते, त्याची बचत त्या छापील किमतीइतकी झाली असे म्हणता येत नाही. त्याने इकॉनॉमीचे जे तिकीट काढले असते, त्याच्याशी तुलना करावी लागते.

करांचेही तसेच. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानावर तेथील सरकार प्रवासी शुल्क घेते. भारतापर्यंतच्या अंतरासाठी ते १ एप्रिल २०२६ पासून इकॉनॉमीला १०२ पौंड, तर त्यावरच्या वर्गांना २४४ पौंड आहे, आणि माइल्सच्या तिकिटालाही त्यातून सूट नाही. सोळा वर्षांखालील मुलांना इकॉनॉमीत हे शुल्क माफ असते, बिझनेस क्लासमध्ये मात्र भरावे लागते. शिवाय काही विमान कंपन्या माइल्सच्या तिकिटावरही स्वतःचा अधिभार लावतात.

जागा हवी तेव्हा मिळते, हे तर अनुभवाच्या अगदी उलट आहे. माइल्सवर देण्याच्या कमी दराच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात, आणि शाळांना सुट्या असलेल्या मे महिन्यात, दिवाळीत व नाताळात, जेव्हा पैसे देणारे प्रवासी मिळण्याची खात्री असते, तेव्हा कंपन्या त्या सोडायला नाखूश असतात. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूसारख्या योजनांत माइल्सची किंमत मागणीनुसार बदलते. आणि एकदा कंपनीकडे वळवलेले पॉइंट सहसा बँकेकडे परत येत नाहीत. वळवण्यास काही दिवस लागले आणि तेवढ्यात जागा गेली, तर माइल्स तिथेच अडकून पडतात.

पॉइंट वाया जात नाहीत, या विधानाला दोन उदाहरणे पुरेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सची मुदत ३ वर्षांची आहे. दुसरे उदाहरण ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे. सप्टेंबर २०२३ पासून त्याच्या पॉइंटांचा बदल्याचा दर पाचास चारवरून पाचास दोनवर आला. ज्याने एक लाख पॉइंट साठवले होते, त्याचे ८०,००० माइल्स ४०,००० झाले. बँकेच्या नियमांत तिला हा अधिकार असतोच. म्हणूनच पाच-दहा वर्षे पॉइंट साठवण्याचा सल्ला मला गैर वाटतो.

संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, ती म्हणजे व्याज. भाच्याने पॉइंटांसाठी तीन कार्डे घेतली, लागणार नव्हत्या त्या वस्तू घेतल्या आणि एका महिन्यात पूर्ण बिल भरता आले नाही. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ५०,००० रुपये महिनाभर थकले तर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,०६५ रुपये होतात. तेवढ्याच खरेदीवर वर सांगितलेल्या उदार कार्डाचे पॉइंट मिळतात १,६६५. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. त्याच्या घरी बसून आम्ही दोघांनी हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या आठवड्यात त्याने मुदत ठेव मोडून थकबाकी फेडली.

ज्यांच्या व्यवसायाचा मोठा खर्च कार्डावर होतो, जे बिल दरमहा पूर्ण भरतात, तारखा पुढेमागे करू शकतात आणि एकटे-दुकटे प्रवास करतात, त्यांना माइल्सवरचा बिझनेस क्लास खरोखरच परवडतो, आणि त्यांनी तो जरूर घ्यावा. भाच्याने दोन कार्डे बंद केली. तिसऱ्यावर जमलेल्या पॉइंटांतून त्याने या वर्षी आईवडिलांची मुंबई-कोची इकॉनॉमीची तिकिटे काढली, आणि वर लागणारी रक्कम त्याच दिवशी भरली.