खुलासा: लकव्यावर ‘मोबाइल गेम’ आणि फिरणारा मेसेज

“लकवा झालेल्यांनी घरीच मोबाइलवर गेम खेळा, फिजिओथेरपिस्टची गरज नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय,” असा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो जास्त घातक.

अमेरिकेतल्या ११ केंद्रांत १२४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी दवाखान्यात उपचार घेतले, निम्म्यांनी घरी कॉम्प्युटर आणि खेळाची साधनं वापरून. दोन्हीकडे ७० मिनिटांची ३६ सत्रं. हाताच्या हालचालीच्या मोजणीत घरच्या गटाचे सरासरी ७.९ गुण वाढले, दवाखान्यातल्यांचे ८.४. म्हणजे घरचा उपचार कमी पडला नाही, हे खरंच.

पण घरच्या गटाची निम्मी सत्रं व्हिडिओ कॉलवर थेरपिस्टच्या देखरेखीखाली झाली होती. मेसेजमधून गाळलं गेलं ते नेमकं हेच. शिवाय मोजला तो हात. चालणं, बोलणं, गिळणं यांबद्दल या आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही.

आपल्याकडचाही दाखला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत घरच्यांना व्यायाम शिकवून पाहिले. त्यात मोबाइल गेम नव्हते, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही (२०१७). घरच्यांची माया कमी पडली असं कोण म्हणेल?

तेव्हा अ‍ॅप जरूर वापरा. मात्र व्यायाम कोणते, किती, हे थेरपिस्टला ठरवू द्या. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर मोबाइल फक्त १०८ लावण्यासाठी उचला.