मास्तरचा खिळा

मास्तरच्या कादंबरीवरून शनिवारी रात्री नाक्यावर जे पेटलं ते साडेअकरापर्यंत विझलं नाही. कादंबरी आहे ॲमिस्टाड जहाजाची: गुलाम म्हणून नेत असलेल्या आफ्रिकी माणसांनी त्यावर बंड केलं, पुढे ती अमेरिकेत तुरुंगात पडली आणि त्यांचा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. प्रकाशकाचं पत्र सगळ्यांनी वाचलेलंच होतं. मास्तरने ते ग्रुपवर टाकलं आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाचं पाठ झालं, त्यामुळे ते परत उगाळत नाही. सार एवढंच: दोन प्रकरणं छाटा आणि त्यांचा वकील अ‍ॅडम्स, त्याचं भाषण वाढवा.

मॅनेजर तयारीनेच आला होता. बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण खिशाला अजून दोन पेनं असतात, एक निळं, एक लाल. बसायच्या आधीच सुरू झाला. "प्रकाशकाचं काय चुकलं सांगा मला. कुमार वाङ्मय आहे हे! आठवी-नववीची पोरं वाचणार. त्यांना काय देतोय आपण? उसाचे कोयते, कॅप्टनचा खून! काहीतरी सकारात्मक द्या."

"सकारात्मक म्हणजे काय देऊ?" मास्तरने विचारलं.

"तो अ‍ॅडम्स आहे ना. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष, त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, आणि त्या गोरगरिबांसाठी सुप्रीम कोर्टात उभा राहतो. पहिल्या पानापासून त्याला आण. पोरं वकील होतील."

ताई तोवर गप्प होती. शाळेचं ग्रंथालय तिच्याकडे आहे, पोरं काय वाचतात आणि काय अर्ध्यात टाकतात हे तिच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही. तिने कप खाली ठेवला. "मॅनेजर, अ‍ॅडम्स कोर्टात उभा राहिला १८४१ साली. जहाजावर बेड्या निघाल्या १८३९ च्या जुलैत. त्या रात्री ती माणसं गप्प पडून राहिली असती, तर अ‍ॅडम्सने वकीलपत्र कुणाचं घेतलं असतं?"

मॅनेजरने लाल पेन काढून परत खिशाला लावलं.

मी पहिल्यापासून ताईच्या बाजूचा आहे. सुटकेच्या गोष्टीत सोडवणाराच मोठा होत गेला की वाचणाऱ्या पोराच्या हातात उरतं काय, तर थांबणं. कुणीतरी येईल म्हणून वाट बघणं. मला हे मनापासून खटकतं.

मास्तरने मग खिशातून खिळाच काढला. तीन इंची, गंजलेला. सेंगबे पिएह नावाचा भातशेती करणारा माणूस, ॲमिस्टाड जहाजावर त्याला एक खिळा सापडला आणि त्याने गळ्यातल्या लोखंडी पट्ट्याचं कुलूप काढलं, हे मास्तरला लिहायचं होतं. म्हणून पठ्ठ्याने घरातलं जुनं कुलूप घेतलं आणि तीन रात्री अंधारात बसून खिळ्याने खटपट केली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं त्याने आम्हाला दाखवलं. "आवाज होतो रे," तो म्हणाला. "कितीही जपा, कट्कन वाजतंच. माझ्या घरात फक्त मांजर जागं होतं. तिथे पहारा होता."

कुणी काही बोललं नाही. अण्णानेही स्टोव्ह बारीक केला.

"मग कोयत्यापासूनच सुरू करा की!" पिंट्याने शांतता मोडली. "पहिल्या सीनला रक्त. पोरं पुस्तक खाली ठेवणार नाहीत."

"तू अजून एकही पुस्तक वर उचललेलं नाहीस," ताई म्हणाली. पुढची पाच मिनिटं पिंट्याच्या बारावीत गेली. ते सगळं लिहीत नाही, त्याच्या आईनेही हे वाचलं तर पुन्हा वाजेल.

पण ताईने पिंट्यालाही उत्तर दिलं. त्रेपन्न माणसं होती आणि त्यांतली चार मुलं, तीन मुली आणि एक मुलगा. आठवीच्या पोरीने गोष्टीत शिरायचं ते त्या तिघींतल्या मार्गूच्या मागून. कोयता तिच्या हातात नव्हता. दिवसा जहाज सूर्याच्या दिशेने, म्हणजे घराकडे चाललेलं तिने पाहिलं असणार. रात्री सुकाणूवरचा स्पॅनिश माणूस गुपचूप जहाजाचं तोंड फिरवायचा. असं जवळजवळ दोन महिने. दिवसा घर जवळ येतंय आणि रात्री लांब जातंय. "याच्यापुढे तुझं रक्त काय सांगतोस?"

"पण कागद?" मॅनेजर. "मालकांकडे कागद होते ना? कोर्ट कागद बघतं."

इथे मास्तरचा चेहरा फुलला. "कागदच खोटे होते! १८२० नंतर आफ्रिकेतून माणसं आणायला स्पेनने बंदी घातलेली. म्हणून हवानात कागद केले की हे सगळे क्यूबातले जुने गुलाम, आणि प्रत्येकाला एकेक स्पॅनिश नाव चिकटवलं. आता मुलांकडे बघ. बंदीला एकोणीस वर्षं झालेली आणि पोरांना स्पॅनिशचा शब्द येत नाही. त्यांचं वयच साक्ष देत होतं."

"तुझ्या टेबलावर आले असते तर केले असतेस पास," ताई म्हणाली. "शिक्का स्वच्छ होता."

"आणि माझ्या घराचं कर्ज नाकारलंस!" मास्तर एकदम उसळला. "वडिलांची एक सही नव्हती म्हणून!"

"अरे, सर्क्युलर होतं—"

"वीस वर्षं झाली, ह्याचं सर्क्युलर संपत नाही."

तो वाद आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे अण्णाने न विचारताच दुसरा राउंड दिला.

चहा पिऊन मॅनेजरने हुकमाचं पान टाकलं. "बरं, मग जोतिबांचं काय? १८७३ साली 'गुलामगिरी' छापली ती अर्पण कुणाला केली? गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना! जोतिबांनीच आभार मानलेत, आणि तुम्हाला अ‍ॅडम्स नको."

क्षणभर मलाही वाटलं, हा बिनतोड बोलला. ताई मात्र हसली. "आभार अर्पणपत्रिकेत आहेत. पान उलट. आत प्रश्न कोण विचारतंय? धोंडिबा. आख्खं पुस्तक जोतिबा आणि धोंडिबा बोलत बसलेत, आपण बसलोय तसे. अ‍ॅडम्सलाही द्या की अर्पणपत्रिका, कोण नको म्हणतंय? गोष्ट मुलांची राहू दे." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आणि पेशव्यांच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्यांची गोष्ट पोरांसाठी लिहायला घे म्हटलं, तर तेव्हाही म्हणशील सकारात्मक द्या?"

मॅनेजर म्हणाला, तो विषय वेगळा. कुणीच मान डोलावली नाही.

मला स्वतःला हस्तलिखितातली दोन प्रकरणं फार आवडलीत आणि प्रकाशकाने नेमकी तीच छाटायला सांगितलीत. एक मोजणीचं. तुरुंगातल्या माणसांची भाषा कुणालाच कळेना, तेव्हा गिब्ज नावाचा प्राध्यापक त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकला आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठमोठ्याने म्हणत फिरला, एक खलाशी थांबेपर्यंत. त्या खलाशाला त्यांची भाषा, मेंदे, येत होती. दुसरं त्या चौघांतल्या मुलाचं, कालीचं पत्र. दहा-अकरा वर्षांचं पोर, तुरुंगात इंग्रजी शिकलं आणि थेट अ‍ॅडम्सला लिहिलं: तुमची भाषा येत नाही म्हणून लोक मेंदे माणसांना मठ्ठ म्हणतात, अमेरिकेच्या लोकांना मेंदे येत नाही, मग तेही मठ्ठ का? हे पत्र छाटून अ‍ॅडम्सचं भाषण वाढवायचं? माझ्या पोरीला मी पत्राचं प्रकरण वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिने हिंदीच्या वहीच्या मागे ते उतरवून काढलं होतं.

मी हे सांगितलं तेव्हा मॅनेजर "हं" म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

निघताना कळलं की मॅनेजरची किल्ली स्कूटरच्या डिकीत राहिली आणि डिकी लागली. अर्ध्या कट्ट्याने आधी हसूनच घेतलं. मास्तरने खिळा काढला, गुडघ्यावर बसला, मॅनेजरने मोबाइलचा टॉर्च धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुलूप हलेना. घाम, शिव्या, अण्णाच्या सूचना. शेवटी पिंट्याने सीट मागून जरा उचलली, फटीतून हात घातला आणि किल्ली काढून दिली.

"कादंबरीतला खिळा काढ रे बाबा," मॅनेजर हसत हसत खोकायला लागला, "पिंट्याला घाल तिथे!"

"खिळा राहू दे," ताई मास्तरला म्हणाली. "आत्ता तुझा हात किती थरथरत होता, ते लिही."