पहिल्यांदा स्टेजवर जाणाऱ्या बेसिस्टने गाणी कशी निवडावीत

गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर, कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा पुण्यात बाणेर-कोरेगाव पार्ककडच्या ओपन माइकला पहिल्यांदाच बेस गिटार घेऊन उभं राहणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात: ‘कमी नोट्सची गाणी घे.’ माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. तेवढ्यावर विसंबून निवडलेल्या गाण्यातच मुलं-मुली अडकतात.

पहिल्या कार्यक्रमात बेसिस्ट एकदा तरी हरवतोच. समोर ओळखीचे चेहरे दिसतात, गायक अंतरा एक ओळ आधी उचलतो, ड्रमर लय वाढवतो, आणि आपण नक्की कुठल्या कॉर्डवर आहोत ते कळेनासं होतं. गिटारवाल्याची एखादी कॉर्ड चुकली तर इतरांच्या आवाजात ती खपून जाते. बेसची चूक खपत नाही, कारण खालचा सूर बदलला की वरच्या सगळ्या सुरांचा अर्थच बदलतो. गिटार जी मेजर वाजवतेय आणि तुम्ही खाली ई लावलात, तर ऐकणाऱ्याच्या कानावर ई मायनर सेव्हन पडते. म्हणून गाणं निवडताना एवढंच बघा: हरवलो तर परत कुठे शिरायचं, आणि त्यासाठी किती वेळ थांबावं लागेल? जिथे हा वेळ कमी, ते गाणं सोपं.

यू-टूचं १९८७ चं ‘विथ ऑर विदाउट यू’ घ्या. डी, ए, बी मायनर, जी, प्रत्येक कॉर्डला एक बार, म्हणजे चार ठोके. गाणं संपेपर्यंत हेच चार बारांचं आवर्तन फिरत राहतं. लय साधारण ११० बीपीएम (मिनिटाला ११० ठोके), म्हणजे एक आवर्तन नऊ सेकंदांच्या आत संपतं. चुकलात तर हात थांबवा, डी येईपर्यंत ऐका, डीवर शिरा. बोटांनाही फार पळावं लागत नाही: ए तारेवर पाचवा फ्रेट, ई तारेवर पाचवा, मग सातवा, मग तिसरा. एकही मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजवायची तार नाही.

मोकळी तार नाही हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे गायक ‘माझी काळी एक’ किंवा ‘काळी दोन’ असं सांगतो. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. यातला एकही सूर बेसच्या चार मोकळ्या तारांत (ई, ए, डी, जी) नाही. वरचं गाणं काळी एकमध्ये हवं असेल तर अख्खा हात एक फ्रेट खाली सरकवायचा: ए तारेवर चौथा, ई तारेवर चौथा, सहावा, दुसरा. बोटांची आकृती तीच राहते. क्रॅनबेरीजचं ‘झॉम्बी’ मूळ पट्टीत बसवलंत, तर सूर येतात ई, सी, जी, एफ शार्प, आणि ई साहजिकच मोकळ्या तारेवर वाजतो. गायिकेने पट्टी दोन फ्रेट खाली मागितली की त्या ईचा डी होतो, आणि चार तारांच्या बेसवर ईच्या खाली काहीच नसतं. म्हणून तो ई पहिल्या दिवसापासून ए तारेच्या सातव्या फ्रेटवर बसवा. तिथून तो खालीही सरकतो आणि वरही. गाणं कुणाचंही असो, पहिल्या सेटमधलं प्रत्येक गाणं मोकळ्या तारा टाळून शिकावं, असं माझं ठाम मत आहे. ई, ए, डी, जी पट्टीतली गाणी मोकळ्या तारांवर आरामात वाजतात खरी, पण तो आराम गायकाचा गळा बसला की संपतो.

पट्टीवरूनच आठवलं, कॅपो, म्हणजे सगळे सूर वर नेण्यासाठी गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. गिटारवाला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ‘जी, डी, ई मायनर, सी’ असं सांगतो, तेव्हा तो बोटांचे आकार सांगत असतो. खरे सूर असतात ए, ई, एफ शार्प मायनर, डी. तालमीत हे विचारलं नाही तर पहिल्या बारपासून अख्खं गाणं दोन फ्रेटांनी बेसूर वाजतं, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याचं ट्यूनिंग गेलंय. कागदावर नेहमी खरे सूर लिहा.

बेन ई. किंगचं १९६१ चं ‘स्टँड बाय मी’ मला पहिल्या कार्यक्रमासाठी फार योग्य वाटतं. ए दोन बार, एफ शार्प मायनर दोन बार, डी एक, ई एक, परत ए दोन. आठ बारांचं हे आवर्तन कडव्यालाही तेच आणि ध्रुपदालाही तेच, त्यामुळे ‘आता कडवं की ध्रुपद’ ही भीतीच उरत नाही. मूळ बेसमध्ये सुरांच्या मधे छोटे विराम आहेत. ते जमेपर्यंत नुसते मूळ सूर (कॉर्डच्या नावाचा सूर) पहिल्या मात्रेवर धरले तरी गाणं उभं राहतं. रेडिओहेडच्या ‘क्रीप’मध्ये गिटारला जी, बी, सी आणि सी मायनर अशा चार कॉर्ड आहेत. बेसला त्यातले तीनच सूर लागतात, कारण सी मेजर काय आणि सी मायनर काय, खाली सीच असतो. बेस शिकणाऱ्याने अशी गाणी शोधून काढावीत.

आता सोपी दिसतात पण पहिल्यांदा घेऊ नयेत अशी गाणी. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ सगळ्यात आधी सुचतं, कारण सूर मोजकेच आहेत. अडचण सुरांची नाहीच, मधल्या शांततेची आहे. मोकळी ई तार वेळेवर दाबून बंद केली नाही तर ती पुढच्या सुरात घरंगळत जाते आणि त्या गाण्याचा कणाच मोडतो. घाबरलेल्या हाताला वाजवण्यापेक्षा थांबणं जास्त जड जातं. ‘बिली जीन’मध्ये उलटं. एका बारमध्ये आठ सूर, बार संपला की तेच आठ, आणि श्वास घ्यायला जागा नाही. लय ११७ च्या आसपास आहे. स्टेजवर ती १२५ ला गेली की दोन-अडीच मिनिटांत उजव्या हाताची बोटं ताठरतात आणि सूर मागे पडू लागतात. हे गाणं दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमाचं.

‘सेव्हन नेशन आर्मी’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. व्हाइट स्ट्राइप्समध्ये बेसिस्ट नव्हताच. तो प्रसिद्ध तुकडा गिटारचाच सूर इफेक्टने एक सप्तक खाली आणून वाजवलेला आहे. सात सूर, कुणालाही पाठ होतात. बहुतेक जण तो एकट्या ए तारेवर वाजवतात: सातवा, सातवा, दहावा, सातवा, पाचवा, तिसरा, दुसरा. त्यात हात दहाव्या फ्रेटवरून दुसऱ्यापर्यंत घसरत येतो आणि घामेजल्या बोटांनी नेमका तिथेच चुकतो. तोच तुकडा डी तारेवर दुसरा, दुसरा, पाचवा, दुसरा आणि मग ए तारेवर पाचवा, तिसरा, दुसरा असा घ्या. हात दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या बाहेर जात नाही. गाणं घ्या, पण पहिलं नको. सुरुवातीला बेस एकटाच वाजतो आणि सगळ्यांचे कान तुमच्यावर असतात. तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, तोवर हात सैल झालेले असतात.

सोसायटीत इंग्रजी गाणी कोण ऐकणार, हा प्रश्न रास्त आहे. हिंदी-मराठी सिनेमागीतात खरी अवघड गोष्ट म्हणजे मधले म्युझिक पीस. एम वन (पहिला पीस) वेगळा, एम टू (दुसरा) वेगळा, आणि अंतरा संपून मुखड्याकडे नेणारी क्रॉस लाईन कधी एकदा येते, कधी दोनदा. बेसिस्ट बहुतेक वेळा तिथेच हरवतो. उपाय धीटपणे करा: एम टू काढून टाका आणि त्याजागी मुखड्याच्याच कॉर्डवर आठ बार सरळ वाजवा. श्रोत्यांना मुखडा हवा असतो. मधल्या व्हायोलिनची जागा कुणी मोजत बसत नाही. मात्र हा बदल तालमीत गायकासकट सगळ्यांना तोंडी सांगा आणि कागदावरही लिहा.

ठेक्याचं म्हणाल तर नवख्यांना उगाच दादऱ्याची भीती घातली जाते. धा धी ना, धा तू ना, सहा मात्रा. पहिल्या मात्रेवर मूळ सूर, चौथ्यावर त्याचा पंचम, बस. पंचम शोधायलाही डोकं लागत नाही: मूळ सुराच्या शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे. कहरव्यात हेच पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. पाश्चात्त्य फंकपेक्षा हे कितीतरी सोपं आहे, आणि आपल्या कानात ते लहानपणापासून आहे. फक्त चारचं मेट्रोनोम लावून दादरा बसवू नका, घोळ होतो. सहावर लावा. आरत्या मात्र बँडवर पहिल्यांदा घेऊ नयेत. टाळ्या लय पुढे ढकलत नेतात, शेवटच्या कडव्याची लय पहिल्यापेक्षा कितीतरी चढलेली असते, आणि तिथे मेट्रोनोमवर केलेली तालीम कामाला येत नाही.

अगदी संथ गाणीही टाळा. ७० बीपीएमच्या खाली दोन ठोक्यांमधलं अंतर इतकं मोठं असतं की मन पळतं आणि बोट आधीच पडतं. पहिल्या सेटसाठी ९० ते ११५ बरं.

नव्या हिंदी गाण्यांत सिंथ बेस बऱ्याचदा मोकळ्या ईच्याही खाली जातो. चार तारांवर तो सूर सापडतच नाही, म्हणून पाच तारांचा बेस उसना आणू नका. एक सप्तक वर वाजवा. स्टेजच्या दृष्टीनेही ते सोयीचं आहे. मोकळी ई साधारण ४१ हर्ट्झला वाजते, आणि सोसायटीच्या स्टेजवरचा मॉनिटर तो सूर धड देऊच शकत नाही. बेसचा वेगळा अँप तिथे क्वचितच मिळतो. वायर थेट मिक्सरमध्ये जाते आणि तुम्हाला स्वतःचा आवाज लागत नाही. ए तारेच्या तिसऱ्या ते सातव्या फ्रेटमध्ये वाजणारी गाणी घेतलीत तर निदान काय वाजवतोय ते ऐकू येतं. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) आहे का, हे आदल्या दिवशीच विचारा. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसची वायर मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली की आवाज पातळ येतो, मग मुलं बेसची नॉब पूर्ण फिरवतात आणि मांडवाचे पत्रे थरथरायला लागतात. त्याऐवजी मिड थोडा वाढवा. वाजवता वाजवता गाणारही असाल, तर मांडवातल्या लाइनला अर्थिंग आहे का, याची आधी खात्री करून घ्या. माइकला ओठ लागताच झटका बसणं ही पावसातल्या मांडवात नेहमीची आणि खरोखर धोक्याची गोष्ट आहे.

गाणं निवडलं की त्याची एक परीक्षा घ्या. रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला लागा. फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, तेव्हा हेडफोन लावा. मध्येच कुठेही दोन्ही हात तारांवर सपाट ठेवून चार बार गप्प राहा, आणि मग परत शिरा. कागदाकडे न बघता योग्य सुरावर शिरता आलं तर गाणं तुमचं. सलग वाजवताना बिनचूक, पण हात काढल्यावर सुरुवातीपासूनच घ्यावं लागतंय, असं असेल तर ते नुसतं बोटांना पाठ झालंय, कानाला नाही. ते या वेळी सोडून द्या. हीच परीक्षा उभं राहून, पट्टा लावून करा. बसून आलेलं मनगट उभ्याने वेगळ्या कोनात जातं. पट्ट्याची लांबी अशी ठेवा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस पोटाशी एकाच उंचीवर येईल.

गाणं संपवायचं कसं, हेही निवडीतच बघावं. ‘स्टँड बाय मी’ आणि ‘बिली जीन’ रेकॉर्डवर हळूहळू विरत जातात. स्टेजवर विरता येत नाही. चारही जण वेगवेगळ्या बारवर थांबतात आणि शेवट विस्कटतो. शेवटची ओळ तीनदा, मग मूळ सुरावर एक ठोका, ड्रमरच्या मानेकडे बघून. एवढं ठरवून शेवटच पाच-सहा वेळा सलग वाजवा. बहुतेक बँड तालमीत सुरुवात पन्नासदा करतात आणि शेवटापर्यंत पोचतच नाहीत.

चार गाणी पुरेत, साधारण पंधरा-सोळा मिनिटं. पहिलं एकाच आवर्तनाचं, दुसरं गायकाचं आवडतं हिंदी किंवा मराठी, तिसरं थोडी जोखीम असलेलं, चौथं परत साधं पण जोरकस. लाऊडस्पीकरची रात्री दहाची मर्यादा असते, त्यात भाषणं आणि बक्षीस समारंभ लांबतात आणि साडेनऊला कुणीतरी येऊन सांगतं, ‘दोनच घ्या.’ त्या वेळी स्टेजवर कुजबुजत बसू नका. तिसरं आणि दुसरं गळणार, पहिलं आणि चौथं राहणार, हे आधीच ठरलेलं असू द्या. दुसरं गळणार हे गायकालाही तालमीतच सांगून ठेवा.